कोरांटी
कोरांटी : कोरड्या, मुरमाड जमिनीत आपोआप वाढणारे, पिवळ्या फुलांचे भारतीय बहुवर्षायू काटेरी झुडूप. काटेकोरांटी व वज्रदंती ही त्याची दुसरी नावे. शास्त्रीय नाव बार्लेरिया प्रायोनायटिस. कुल ॲकँथेसी, म्हणजे अडुळसा आणि अबोलीचे. हे शास्त्रीय नाव स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७५३ मध्ये दिले.

झुडूप साधारण ०.६ ते १.५ मी. उंच होते. पानांच्या बगलेत तीक्ष्ण काट्यांचे झुबके असतात. फुलाच्या पाच पाकळ्यांपैकी चार एका बाजूला व एक समोर असते. बोंडात दोनच चपट्या, लवदार बिया असतात.

नामनिर्णय : ‘कुरंटक’ या संस्कृत नावावरून कोरांटी हा शब्द आला असावा. अमरकोश या संस्कृत शब्दकोशात (साधारणपणे इ. स. चौथे ते सहावे शतक) झिंटी ऊर्फ सैरेयक या वर्गातील पिवळ्या फुलांची ती कुरंटक व तांबड्या फुलांची ती कुरबक, असा भेद आहे. भावप्रकाश या आयुर्वेदीय ग्रंथात पांढरी, पिवळी, तांबडी व निळी असे चार प्रकार सांगितले आहेत. पिवळा कुरंटक म्हणजे प्रस्तुत वनस्पती, याबद्दल फारसा मतभेद नाही. निळा प्रकार बहुधा बार्लेरिया क्रिस्टाटा ही बिनकाट्याची जाती असावी. खरा वाद कुरबकाचा आहे. मेघदूतात माधवीमंडपाला कुरबकाचे कुंपण आहे; कुंपणाचा हा उल्लेख कोरांटीला जुळतो. मात्र त्याच काव्यात अलका या कुबेरनगरीतील स्त्रियांच्या शृंगारात सहा ऋतूंची फुले येतात आणि तेथे कुरबक वसंताचे मानले जाते. कोरांटी पावसाळा सरता सरता फुलू लागते व हिवाळ्यात भरात असते. त्यामुळे काव्यातील कुरबक निराळा असावा, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. रोप घेतानाही नावावर विसंबू नये. फूल नसेल तर बगलेतील काटे पाहून खात्री करावी.

लागवड : निदान सहा तास ऊन आणि निचरा, एवढ्या दोन गोष्टी हव्यात. कुंडी २५–३० सेंमी.ची घ्यावी; दोन भाग माती, एक भाग जाड वाळू किंवा बारीक मुरूम व एक भाग कुजलेले शेणखत पुरते. पावसाळ्याच्या सुरुवातीला अर्धवट जून फांदीची १०–१५ सेंमी. लांब, तीन-चार पेरांची फाटी घ्यावीत. खालचा छेद पेराच्या लगेच खाली द्यावा, खालची पाने काढावीत आणि दोन पेरे मातीत जातील अशी ती सावलीत लावावीत. तीन-चार आठवड्यांत मुळे फुटतात. नवी पालवी दिसली म्हणून फाटे उपटून पाहू नये. पालवी साठलेल्या अन्नावरही फुटते आणि उपटल्यास कोवळी मुळे तुटतात. बी पेरायचे असल्यास बोंड तपकिरी होताच त्यावर कापडी पिशवी बांधावी. पक्व बोंड झटक्याने तडकते व बी दूर उडते. बी अर्धा सेंमी.पेक्षा खोल पेरू नये.

पहिला उन्हाळा संपेपर्यंत पाणी नियमित लागते. पुढे जमिनीतील झुडपाला उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी एकदा भरपूर पाणी पुरते. कुंडीत मात्र वरची माती दोन बोटे कोरडी झाल्यावर द्यावे. कोरांटी दुष्काळाने क्वचितच मरते. बागेत ती मरते ती रोजच्या पाण्याने. खालची पाने पिवळी पडून गळू लागली आणि माती ओली असूनही शेंडे मलूल दिसले, तर मुळे कुजू लागली आहेत असे समजावे. अशा वेळी पाणी वाढवणे घातक असते. रोप काढून काळी, मऊ मुळे छाटावीत व कोरड्या मिश्रणात लावावे. नत्रयुक्त खत जास्त झाल्यास पाने माजतात, फुले घटतात.

छाटणी बहर संपल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये, एक तृतीयांशापर्यंत करावी. ऑगस्टनंतर छाटल्यास ज्या शेंड्यांवर कळ्या येणार तेच कापले जातात. जाड हातमोजे आवश्यक. येण्याजाण्याच्या वाटेपासून झुडूप मीटरभर आत असावे. पिठ्या ढेकूण दिसल्यास सौम्य साबणाचे पाणी फवारावे. पाने कुरतडलेली दिसली तर आधी अळी पाहावी : पॅन्सी गटातील काही फुलपाखरांच्या अळ्या या पानांवर वाढतात व झुडूप ते नुकसान सहज भरून काढते.

उत्तर ऑस्ट्रेलियात ही वनस्पती उपद्रवी तण ठरली आहे.