डब्यावरचे चित्र आणि डब्यातले किट : पिशव्या फोडण्यापूर्वी हे वाचा

नमस्कार,

हे पत्रक आम्ही प्रत्येक मॉडेल कार किटसोबत देतो. निपर (भाग कापायची छोटी पक्कड) कसा धरायचा, डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चित्रे) पाण्यात किती वेळ ठेवायचे, हे यात नाही. ते तुम्हाला येतेच. एकाच गोष्टीबद्दल, म्हणजे झाकणावरचे चित्र आणि आतले किट यांतल्या फरकाबद्दल, बोलायचे आहे, कारण तक्रारीचे बहुतेक फोन तिच्याचमुळे येतात.

फोन साधारण असा असतो. किट घरी गेलेले असते, सगळ्या पिशव्या फोडलेल्या असतात, उत्साहाच्या भरात बॉडीही रनरवरून (भाग ज्याला जोडून येतात त्या प्लास्टिकच्या चौकटीवरून) कापलेली असते. मग प्रश्न येतो : “चित्रात बॉनेट उघडे आहे, इथे ते बॉडीलाच जोडलेले कसे?” किंवा “गाडी लाल दाखवली आहे आणि आत सगळे प्लास्टिक पांढरे?” किंवा “डब्यावर तीन गाड्या आहेत, आत एकच निघाली.” तोवर किट आम्हाला परत घेता येत नाही आणि तुमची सुट्टी गेलेली असते.

यात फसवणूक कुणाची नसते. चित्राचे काम वेगळे आणि किटचे वेगळे, एवढेच.

चित्राला एवढे महत्त्व का आले

मॉडेलच्या धंद्यात चित्र ही सजावट कधीच नव्हती. दुकानात डबा बंद असतो. आत रनरला लटकलेले शंभरेक तुकडे, आणि ते पाहून गाडी डोळ्यांपुढे येणे कठीण. त्यामुळे विकत घेणाऱ्याला गाडी दाखवायची ती झाकणावरच.

जपानमधल्या शिझुओका शहरातल्या टामिया या मॉडेल कंपनीची गोष्ट यासाठी सांगण्यासारखी आहे. ही कंपनी मुळात लाकडाच्या व्यवसायातून आली. आधी लाकडी मॉडेल करत असे. 1960 मध्ये तिने यामातो या युद्धनौकेचे पहिले प्लास्टिक किट काढले आणि ते बाजारात चालले नाही. त्यानंतर पँथर रणगाड्याचे किट आले. त्याच्या झाकणासाठी शिगेरू कोमात्सुझाकी या त्या काळातल्या नावाजलेल्या चित्रकाराकडून चित्र करून घेतले होते. ते किट खपले आणि कंपनी सावरली. आत मोटर होती, रणगाडा चालायचा, त्याचाही वाटा होताच. पण मुलांनी डबा उचलला तो चित्रासाठी. पुढे पांढऱ्या पार्श्वभूमीवर एकटी गाडी किंवा रणगाडा, ही टामियाची ओळखच झाली. आजही आमच्या कपाटात दुरून कुठला डबा आधी दिसत असेल तर तो हा पांढरा डबा.

ब्रिटनमध्ये एअरफिक्स या कंपनीची सुरुवातीची छोटी किट वूलवर्थच्या दुकानांतून प्लास्टिकच्या पिशवीत विकली जात. वर कागदाची एक पट्टी स्टेपल केलेली असे आणि चित्राला जागा तेवढीच. 1964 पासून दहा वर्षे रॉय क्रॉस यांनी एअरफिक्ससाठी चित्रे काढली. त्यांची विमाने आणि जहाजे पाहून किट घेणारी एक पिढीच तयार झाली. चित्र हातात आल्यावरही त्यात फेरफार होतच असत. 1970 च्या दशकात एअरफिक्सच्या जुन्या चित्रांतले बॉम्ब आणि स्फोट पुसून तीच चित्रे पुन्हा छापली गेली. आतले तुकडे होते तेच राहिले. म्हणजे झाकण बदलते ते विक्रीच्या गरजेनुसार. साच्याशी त्याचा संबंध असेलच असे नाही.

अमेरिकन किटची तऱ्हा निराळी. डेट्रॉइटच्या एएमटी या किट कंपनीने 1958 पासून ‘थ्री इन वन’ किट काढली. एकाच डब्यातून गाडी शोरूममधून निघावी तशी मूळ रूपात करा, कस्टम करा किंवा रेसिंगची करा. झाकणावर ही सगळी रूपे ऐटीत उभी असतात. बॉडी मात्र एक, चासी (खालचा सांगाडा) एक; बाकीचे जास्तीचे बंपर, चाके, इंजिनचे भाग. एकदा कुठले रूप करायचे ते ठरवून बॉडी रंगवली की दुसरे रूप गेले. तीन गाड्या अपेक्षिणाऱ्या ग्राहकाला याचे वाईट वाटते, पण उरलेले भाग जपून ठेवणाऱ्यांना विचारा. पुढच्या दहा मॉडेलना पुरेल एवढा साठा त्यातून जमतो.

सगळ्यात जास्त वेळ वाया घालवणारी चूक

ती अशी : झाकण पाहून किट पसंत करायचे आणि डब्याची बाजू न वाचता पिशव्या फोडायच्या.

चित्रकार गाडी रंगवतो ती अस्सल गाडी. किट रंगवत नाही. त्याची नजर बहुधा जमिनीलगत आणि पुढच्या कोपऱ्यात असते, त्यामुळे पुढचे चाक मोठे दिसते, गाडी रस्त्याला चिकटल्यासारखी बसलेली दिसते. तुम्ही तेच किट बांधून टेबलावर ठेवता आणि वरून पाहता. मग “गाडी उंच बसली” असे वाटते. खरोखर उंच बसणारी किटही आहेत, पण तक्रार करण्याआधी मॉडेल डोळ्यांच्या रेषेत धरून पाहा. बऱ्याचदा शंका तिथेच मिटते.

इंजिनचा घोळ यापेक्षा मोठा. टामियाच्या 1/24 (मूळ गाडीच्या चोविसाव्या भागाएवढ्या) मालिकेतच फेरारी एफ40 चे किट पाहा : मागचे आवरण उघडते, आत इंजिन आहे. त्याच मालिकेतली सुबारू इम्प्रेझा रॅली कार घ्या : बॉनेट बॉडीतच ओतलेले, इंजिन नाही. दोन्ही डबे साधारण एकाच आकाराचे, चित्रांचा दर्जा तोच. झाकणावरून फरक कळणार नाही. बिनइंजिनाचे किट म्हणजे हलके किट असेही समजू नका. आमच्या मते पहिल्या दोन-तीन मॉडेलसाठी तेच बरे. उघडणारी दारे आणि बॉनेट यांच्या फटी सारख्या ठेवणे भल्याभल्यांना जमत नाही; बंद बॉडीवर रंग आणि पॉलिश मात्र मनासारखे करता येते. इंजिन हवेच असेल तर तसे आधी सांगा, आम्ही तेच काढून देऊ.

रंगाचे म्हणाल तर झाकणावरचा लाल हा छापखान्याच्या शाईचा लाल. बॉडी पांढऱ्या प्लास्टिकची येते ती तुमच्या सोयीसाठी, कारण पांढऱ्यावर लाल आणि पिवळा खुलतो. लाल प्लास्टिकवर पांढरा रंग द्यायला गेलात तर खालचा लाल वर डोकावत राहतो. कुठला रंग लागेल ते बाजूच्या तक्त्यात क्रमांकाने दिलेले असते. टामियाचा टीएस-8 हा इटालियन रेड, टीएस-13 हा क्लिअर, म्हणजे वरून मारायचा पारदर्शक थर. हे क्रमांक वाचून स्प्रे कॅन घ्या, झाकणाशी ताडून घेऊ नका. आणि ‘गोंद व रंग समाविष्ट नाहीत’ ही ओळ जवळजवळ प्रत्येक डब्यावर असते. ती इतकी बारीक असते की वाचली जात नाही, म्हणून इथे मोठ्याने सांगतो : दोन्ही वेगळे घ्यावे लागतात.

आकाराबद्दल थोडक्यात. चित्र झाकण भरून असते, मग स्केल (मूळ गाडीशी प्रमाण) कुठलेही असो. 4.8 मीटर लांबीची गाडी 1/24 मध्ये 20 सेंमी होते, अमेरिकन किटच्या 1/25 मध्ये 19.2 सेंमी आणि 1/32 मध्ये फक्त 15 सेंमी. कपाटातल्या ओळीत ठेवायची असेल तर स्केल आधी पाहा.

काही वेळा चित्र खरे बोलते आणि आपणच नीट पाहत नाही. टामियाचे मॅक्लारेन होंडा एमपी4/6 घ्या, 1991 मध्ये आयर्टन सेनाने विश्वविजेतेपद जिंकले ती गाडी. टीव्हीवर पाहिलेल्या त्या लाल-पांढऱ्या गाडीवर सिगारेट कंपनीचे ठसठशीत नाव होते. तंबाखूच्या जाहिरातींवर निर्बंध आल्यामुळे हल्लीच्या डब्यांत त्या नावाची डिकल नसतात आणि झाकणावरही ते नाव नसते. आपल्या डोळ्यांना मात्र आठवणीतले नाव तिथे दिसते. ज्यांना शर्यतीच्या दिवसासारखीच गाडी हवी, त्यांच्यासाठी इतर उत्पादकांची स्वतंत्र डिकल मिळतात. आमच्याकडे नेहमी असतातच असे नाही, पण मागवून देतो.

नवे झाकण, जुना साचा

जुन्या ग्राहकांना सर्वांत महाग पडते ते हे. पोलादी साचा बनवायला भरपूर खर्च येतो, म्हणून कंपन्या एकच साचा वर्षानुवर्षे वापरतात. दर काही वर्षांनी झाकण नवे, डिकल नवी, कधी चाकांचा एखादा वेगळा रनर, आणि किट ‘नवे’ म्हणून बाजारात. आओशिमा आणि फुजिमी या जपानी कंपन्यांकडे एकाच बॉडीवर चाके, स्पॉयलर, बंपर बदलून काढलेली कितीतरी किट आहेत. काही वेळा एका कंपनीचा साचा दुसऱ्याच कंपनीच्या डब्यातून येतो. त्यामुळे घरी असलेलेच किट पुन्हा विकत घेणारे बरेच निघतात.

उलटही घडते. एएमटी हे नाव आता राउंड टू या कंपनीकडे आहे आणि ती साठ-सत्तरच्या दशकांतली मूळ चित्रे मुद्दाम पुन्हा छापते. ते डबे पाहून मन भरते, हे आम्हीही मान्य करतो. त्यातले दोन आम्ही काउंटरमागे फक्त पाहण्यासाठी लावले आहेत. पण जुने झाकण म्हणजे जुना माल नव्हे. आतले प्लास्टिक आणि डिकल ताजी असतात, ही चांगली बाजू. साचा मात्र जुनाच. कडांना फ्लॅश (साच्याच्या फटीतून बाहेर आलेले पातळ प्लास्टिक) असतो, जोड भरावे लागतात, चासी त्या काळच्या पद्धतीने ठोकळेबाज असते. ज्याला फाइल आणि पुटी हातात घेण्यात आनंद आहे त्याने ही किट जरूर घ्यावीत. ज्याला भाग कापून खटकन बसलेले हवेत, त्याने नव्या साच्याचे जपानी किट घ्यावे, झाकण कितीही साधे असो.

खरोखरचे जुने, पडून राहिलेले सीलबंद किट कुठे मिळालेच, तर चित्राच्या अवस्थेवरून आतल्याची परीक्षा करू नका. डिकल पिवळी पडलेली असतात. मऊ टायर शेजारच्या प्लास्टिकला चिकटून ते वितळवतात. झाकण कोरे करकरीत असूनही आत हे सगळे झालेले आम्ही पाहिले आहे.

एखादे किट कधी निघाले, कुठल्या साच्याचे, मधे कुठल्या डब्यांतून आले, याचा वंशवृक्ष स्केलमेट्स या संकेतस्थळावर पाहता येतो. डब्याच्या बाजूला छापलेला क्रमांक तिथे टाका. पाहायला वेळ नसेल तर क्रमांक आम्हाला पाठवा, आम्ही पाहून सांगतो.

आमची पद्धत, आणि ती तशी का

आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक वेगळ्या किटचा एक नग आम्ही उघडतो आणि सगळे रनर, डिकल शीट, सूचनापत्रिकेची पाने यांचे फोटो काढून ठेवतो. तो नग मग ‘उघडून पाहिलेला’ असे लिहून थोड्या कमी किमतीत विकतो. विकत घेण्याआधी फोटो मागा, लगेच मिळतील. दुकानात आलात तर तो उघडा नगच हातात देऊ.

डब्याचे बाहेरचे वेष्टण काढून पाहिले आणि किट पसंत पडले नाही, तर आतल्या पिशव्या बंद असेपर्यंत आम्ही ते बदलून देतो. पिशव्या फोडल्यावर देत नाही. काही ग्राहकांना हे कठोर वाटते. पण सुटा झालेला छोटा आरसा किंवा हेडलाइटची काच पिशवीतून निसटली की पुढच्या ग्राहकाला अपुरे किट जाते, आणि तुकडा कुठे हरवला हे कुणालाच सांगता येत नाही. असे किट दुसऱ्याला पूर्ण किमतीत विकणे आम्हाला मान्य नाही. भाग मुळातच कमी निघाला किंवा वाकडा निघाला तर गोष्ट वेगळी : त्या रनरचा फोटो आणि भाग क्रमांक पाठवा, कंपनीकडून भाग मागवण्याचे काम आमचे. त्याला वेळ लागतो, पैसे लागत नाहीत.

किट घेतानाच रंगांचा तक्ता दाखवलात तर लागणारे सगळे कॅन, प्रायमर (रंगाआधीचा थर) आणि पातळ सिमेंट (प्लास्टिक जोडायचा गोंद) एकत्र काढून देतो. घरी जे आहे ते वगळून. स्प्रे कॅन विमानाने पाठवता येत नाहीत, रस्त्यानेच जातात, म्हणून बाहेरगावच्या ग्राहकांनी किट आणि रंग एकाच वेळी मागवावेत, नाहीतर किट आधी पोचते आणि रंगांची वाट पाहावी लागते. जुलै-ऑगस्टमध्ये दमट हवेत लॅकर (स्प्रे कॅनमधला रंग) मारू नका, वर पांढरट झाक धरते. तेवढ्या दिवसांत इंजिन, चासी आणि आतल्या सीटचे काम ब्रशने उरकून घ्या.

डबा टाकू नका, अशी एक विनंती. झाकण सपाट करून ठेवणारे अनेकजण आमच्याकडे येतात आणि त्यांना वेगवेगळ्या काळातली झाकणे हवी असतात. तुम्हाला नको असेल तर इकडे आणून द्या. पुढच्या खरेदीत त्याची किंमत वजा करून देऊ. झाकणाला कोपऱ्यात दुमड नसावी आणि बाजूचा क्रमांकाचा भाग कापलेला नसावा.