डॅन्यूब क्रूझवाल्यांनो, एक्स्कर्शनच्या फॉर्मवर सगळीकडे टिक करण्याआधी हे वाचा

बुकिंग झालं, व्हिसाची कागदपत्रं गेली की आम्ही तुम्हाला एक्स्कर्शनचा, म्हणजे वाटेतल्या गावांत बोटीवरून उतरून करायच्या सहलींचा फॉर्म पाठवतो, आणि बरेच फॉर्म तासाभरात परत येतात ते सगळ्या चौकोनांत टिक करून. "एवढे पैसे भरलेत तर काही सुटायला नको, सगळं टाका." भावना समजते हो, पण मग चौथ्या दिवशी बोटीवरून फोन येतो की पाय भरून आलेत, उद्याचं कॅन्सल करा, आणि तोपर्यंत बस, गाइड, तिकिटं सगळं ठरलेलं असतं त्यामुळे बहुतेक वेळा पैसे परत मिळत नाहीत. तुमचे पैसे जातात, आमचा अख्खा दिवस त्या फोनाफोनीत जातो. म्हणून हे लिहितोय.

आपले बरेच लोक जर्मनीतलं पासाऊ ते हंगेरीतलं बुडापेस्ट हा रूट घेतात, तोच धरून सांगतो.

सगळ्यात जास्त टिक होतं ते साल्झबर्ग. नाव ऐकलेलं असतं, मोझार्टचं गाव, फोटो छान येतात. पण साल्झबर्ग डॅन्यूबवर नाहीच! बोट लिंझला किंवा पासाऊला उभी असते आणि तिथून बसने जायला दीड-दोन तास, यायला तेवढेच. म्हणजे सकाळी नाश्ता उरकून निघायचं, मिराबेल बागेत फोटो, गेट्रायडेगासं या रस्त्याच्या गर्दीतून मोझार्टच्या जन्मघरापर्यंत, त्यात जेवण, आणि किल्ल्यावर जायची केबल रेल्वे पकडू म्हणेपर्यंत गाइड हात वर करून बसकडे बोलवायला लागते. जायचंच असेल तर जरूर जा, गाव सुंदरच आहे, पण मग त्या दिवशी दुसरं काहीही धरू नका आणि दुसऱ्या दिवशी सकाळ मोकळी ठेवा. आणि तुमची टूर पुढे बसने ऑस्ट्रियात जाणार असेल तर साल्झबर्ग तिकडे आहे का ते आधी आम्हाला विचारा, तेच गाव दोनदा पैसे भरून बघणारे लोक आम्ही पाहिलेत.

फॉर्म भरताना गावाचं नाव बघण्याआधी दोन गोष्टी बघा: बोट तिथे किती तास आहे, आणि कुठे उभी राहणार आहे. नदीच्या क्रूझची मजाच ही आहे की समुद्राच्या क्रूझसारखं बंदर एकीकडे आणि गाव दुसरीकडे असं सहसा नसतं. पासाऊला उतरलं की जुनं गाव समोरच, तीन नद्यांचा संगम चालत जाऊन बघता येतो, आणि तिथल्या कॅथेड्रलमधल्या ऑर्गनला 17 हजारांहून जास्त पाइप आहेत, मे ते ऑक्टोबर रविवार-सुट्टी सोडून दुपारी बारा वाजता त्याचा कॉन्सर्ट असतो, बोटीच्या वेळेत बसला तर चुकवू नका. ब्रातिस्लाव्हालाही तसंच, बोटीवरून जुन्या गावात पायी जाता येतं. अशा ठिकाणी पॅकेजमधली वॉकिंग टूर पुरते, वर ऑप्शनल, म्हणजे वेगळे पैसे भरून घ्यायची टूर, कशाला?

व्हिएन्नात मात्र बोट बहुतेक राइशब्रुक पुलाजवळ लागते, शहराचा मधला भाग तिथून लांब. पण जवळच यू1 मेट्रोचं फोरगार्टनश्ट्रासं स्टेशन आहे, तिथून चौथं स्टेशन श्टेफान्सप्लाट्झ, वर आलं की समोर कॅथेड्रल. म्हणून आमचा सल्ला असा की सकाळी पॅकेजमधली सिटी टूर करा, दुपारी श्योनब्रुन पॅलेस किंवा स्वतः मेट्रोने फेरफटका यातलं एकच, आणि संध्याकाळच्या कॉन्सर्टचे पैसे भरले असतील तर दुपारी थोडं पडा. तिन्ही घेतलेले लोक कॉन्सर्टमध्ये झोपतात, खरंच झोपतात. आणि रविवार असेल तर शॉपिंग विसरा, ऑस्ट्रियात त्या दिवशी दुकानं बंद.

आता जिथे फॉर्ममध्ये काहीच टिक करायचं नसतं ते ठिकाण: वाखाऊ. मेल्क ते क्रेम्स, साधारण 36 किलोमीटरची दरी, 2000 पासून युनेस्कोच्या यादीत. दोन्ही बाजूंना दगडी बांध घातलेले द्राक्षांचे मळे, जर्दाळूच्या बागा, मध्येच ड्युर्नश्टाईनचा निळा टॉवर आणि वर तो पडका किल्ला जिथे इंग्लंडचा राजा रिचर्ड कैदेत होता. हे सगळं डेकवर खुर्ची टाकून बघायचं असतं, आणि नेमकं त्याच वेळेचं एक्स्कर्शन घेऊन लोक बसमध्ये बसलेले असतात, याचं आम्हाला दरवेळी वाईट वाटतं. तुमच्या बोटीची वाखाऊतली वेळ आम्ही फॉर्मवर लाल अक्षरात लिहून देतो. तेवढे दोन-तीन तास मोकळे ठेवा.

गुडघ्यांचं खरं खरं सांगा. मेल्कच्या मठात भरपूर चालणं आणि जिने आहेत, ड्युर्नश्टाईनच्या किल्ल्याची वाट चांगलीच चढाची आहे, आणि जुन्या गावांमध्ये सगळीकडे दगडी फरसबंदी. बऱ्याच बोटींवर हळू चालणाऱ्यांचा वेगळा ग्रुप असतो, त्यात नाव घालण्यात कमीपणा काहीच नाही, उलट बसायला मिळतं. मुलं परस्पर फॉर्म भरतात तेव्हा आई-बाबांना एकदा विचारा प्लीज.

"बाहेरून स्वस्त टूर मिळते, ती घेऊ का?" घ्या, बुडापेस्टला तर खुशाल घ्या, कारण तिथे बोट सहसा रात्रभर असते. पार्लमेंट आतून बघायचं तर तिकीट आधीच काढावं लागतं, ते आम्ही काढून देतो. पण ज्या दिवशी बोट दुपारी सुटणार त्या दिवशी लांबची बाहेरची टूर नको. बोटीच्या एक्स्कर्शनला उशीर झाला तर बोटीला माहीत असतं तुम्ही कुठे आहात, बाहेरच्या टूरसाठी ती थांबेलच असं नाही, मग पुढचं गाव ट्रेनने स्वखर्चाने गाठायचं. आणि नदीचं पाणी कमी-जास्त झालं तर वेळा बदलतात, सप्टेंबर 2024 च्या पुरात तर डॅन्यूबवरची वाहतूक थांबली होती. अशा वेळी बोटीकडून घेतलेलं एक्स्कर्शन बोट बदलून देते किंवा पैसे परत करते, बाहेरच्याचं तुमचं तुम्ही बघायचं.

काही जण म्हणतात तुम्ही फॉर्म आल्यावर परत फोन करून एवढी चौकशी का करता, दुसरीकडे तर लगेच कन्फर्म करतात. करतात ना, जेवढी एक्स्कर्शन जास्त विकली जातील तेवढं कमिशन जास्त. आम्हालाही मिळतं, लपवत नाही. तरी आम्ही चार ऑप्शनलपैकी दोन काढायला सांगतो, कारण खूश होऊन आलेली माणसं पुढच्या वर्षी र्‍हाईनच्या क्रूझसाठी परत आमच्याकडेच येतात.

फॉर्म प्रवासाला निघण्याच्या सहा आठवडे आधी द्या. व्हेज किंवा जैन जेवण हवं असेल तर ते दिवसभराच्या टूरसमोरच्या रकान्यातही वेगळं लिहा, बोटीच्या किचनला सांगितलेलं बाहेरच्या रेस्टॉरंटला कळत नाही. अडलं तर फॉर्म कोरा ठेवून ऑफिसला या, नकाशा समोर ठेवून पाऊण तासात बसवून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.