जीईएम बफर आणि रेफरन्स काउंट : एका छोट्या पॅचची पार्श्वभूमी

नागपुरात आमच्या अभ्यासगटात बहुतेकांकडे बर्डीच्या बाजारातून घेतलेले जुने लॅपटॉप आहेत. त्यांत वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं, चित्रासाठीची मेमरीही मुख्य रॅममधूनच जाते. ड्रायव्हरने बफर, म्हणजे चित्राच्या डेटासाठीची मेमरीतली जागा, सांभाळताना घोळ घातला, तर स्क्रीनवर रेघा उमटण्यावर भागत नाही, अख्खा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभाच, कोसळू शकतो. म्हणून सध्या आम्ही लिनक्सच्या व्हर्टिओ या आभासी मशीनसाठीच्या ग्राफिक्स ड्रायव्हरमधली डिसेंबर २०२२ ची एक दुरुस्ती वाचतोय. पॅच जेमतेम काही ओळींचा, पण त्यामागचा इतिहास मोठा आहे.

पूर्वी फ्रंट बफर (स्क्रीनवर दिसणारा), बॅक बफर (पुढचं चित्र तयार होणारा), टेक्स्चर यांच्या जागा आधीच वाटून दिलेल्या असत. कंपोझिटिंग डेस्कटॉप आले, प्रत्येक खिडकीला स्वतःचा बफर लागू लागला आणि ही वाटणी अपुरी पडली. टंगस्टन ग्राफिक्स या कंपनीने ग्राफिक्सची मेमरी सांभाळणारं टीटीएम पुढे आणलं. ते ताकदवान, पण गुंतागुंतीचं. २००८ मध्ये इंटेलच्या कीथ पॅकार्ड आणि एरिक अ‍ॅनहोल्ट यांनी त्याच कामासाठी साधं जीईएम (ग्राफिक्स एक्झिक्युशन मॅनेजर) मांडलं. त्याच डिसेंबरात ते लिनक्सच्या २.६.२८ कर्नलमध्ये आलं. टीटीएम २००९ मध्ये २.६.३१ मध्ये आलं.

जीईएममध्ये अ‍ॅपला बफरचा पत्ता मिळत नाही, हँडल म्हणजे त्याचा ओळख-आकडा मिळतो. बफर किती जण वापरतात ते रेफरन्स काउंट सांगतो. तो शून्य झाला की मेमरी मोकळी.

गोम नेमकी इथेच आहे. ड्रायव्हर बफर तयार करायचा, हँडल बनवायचा, हातातला रेफरन्स सोडायचा आणि त्यानंतर त्याच बफरमधून रिसोर्स क्रमांक वाचून अ‍ॅपला द्यायचा. पण हँडल म्हणजे १, २, ३ असे लहान आकडे, सहज ओळखता येणारे. त्याच अ‍ॅपच्या दुसऱ्या थ्रेडने (समांतर चालणाऱ्या कामाने) अंदाजाने तोच आकडा देऊन हँडल त्या क्षणी बंद केलं, तर काउंट शून्यावर येतो आणि ड्रायव्हर मोकळ्या झालेल्या मेमरीत वाचत बसतो. उपाय एवढाच: आधी वाचून घ्या, रेफरन्स सगळ्यात शेवटी सोडा.

हीच चूक २०२० मध्ये व्हीजेम या ड्रायव्हरमध्ये सापडली होती, आणि व्हर्टिओच्याच सुमारास पॅनफ्रॉस्ट या ड्रायव्हरमध्येही. माझ्या मते हा निष्काळजीपणा नव्हे. बफर तयार करण्याचा हा भाग प्रत्येक ड्रायव्हर स्वतः लिहितो, आणि जुना ड्रायव्हर समोर ठेवून नवा लिहिताना ओळींचा क्रमही तसाच उतरतो. नेहमीच्या चाचणीत दोन थ्रेडची ती गाठ पडतच नाही, म्हणून चूक वर्षानुवर्षं दबून राहते.