पार्श्वभूमी : टेनिसच्या तळच्या स्तरावरचा गुणांचा वाद

पुरुष टेनिसमध्ये संगणकीय क्रमवारी १९७३ साली आली आणि तेव्हापासून खालच्या स्तरावरच्या खेळाडूची कारकीर्द स्पर्धांतून मिळणाऱ्या क्रमवारीच्या गुणांवरच चालते. १९७८ पासून मुख्य दौऱ्याच्या खालच्या पायरीवरच्या चॅलेंजर स्पर्धा सुरू झाल्या. त्यांच्याखाली चार आठवड्यांच्या सॅटेलाइट मालिका असत आणि गुण मालिका संपल्यावरच मिळत. मध्येच दुखापत झाली की आधीच्या आठवड्यांची मेहनत पाण्यात. १९९८ मध्ये एकेका आठवड्याच्या फ्युचर्स स्पर्धा आल्या आणि ही अडवणूक हळूहळू संपली.

पैशाचं दुखणं मात्र राहिलं. आंतरराष्ट्रीय टेनिस संघटनेच्या स्वतःच्या पाहणीनुसार २०१३ मध्ये सुमारे १४,००० खेळाडू व्यावसायिक स्पर्धा खेळले आणि जवळपास निम्म्यांना बक्षिसाचा एक डॉलरही मिळाला नाही. प्रशिक्षकाचा खर्च न धरताही जमाखर्चाची तोंडमिळवणी व्हायला पुरुषांना ३३६ च्या, तर महिलांना २५३ च्या आसपासचं स्थान लागत होतं.

या पाहणीतून निघालेला निष्कर्ष असा, की ‘व्यावसायिक’ खेळाडूच फार झाले आहेत. त्यावरचा उपाय २०१९ च्या जानेवारीत लागू झाला. एकूण १५ हजार डॉलर बक्षिसाच्या, म्हणजे सर्वांत तळच्या स्पर्धांमधून पुरुषांच्या मुख्य क्रमवारीचे गुण काढून घेतले, २५ हजारांच्या स्पर्धांत ते नावापुरते ठेवले आणि तळासाठी वेगळीच क्रमवारी काढली. पात्रता फेरीत आधी काही ठिकाणी शंभराहून अधिक जण खेळत. ती २४ जणांवर आणली. परिणामी वर्षानुवर्षं जमवलेलं स्थान असलेले शेकडो जण मुख्य क्रमवारीतून एकाएकी बाहेर फेकले गेले. त्यांचा खेळ रातोरात बिघडला नव्हता, नियम बदलला होता.

निर्णयाच्या बाजूने सामनेनिश्चितीचं, म्हणजे पैसे घेऊन सामन्याचा निकाल ठरवण्याचं, कारणही पुढे केलं जाई. ते खोटं नव्हतं. पण २०१८ च्या स्वतंत्र चौकशी अहवालाने तळच्या सामन्यांचे थेट गुणफलक सट्टेबाजीसाठी विकण्याच्या व्यवहारावरही बोट ठेवलं होतं. विक्री करणारे संघटनेत बसले होते, शिक्षा मात्र खेळाडूंना झाली. १५ हजारांच्या स्पर्धेत एकेरीच्या पहिल्याच फेरीत हरणाऱ्याला १५६ डॉलर मिळत, तेही कर कापण्याआधी. त्यात आठवड्याची खोली, जेवण, रॅकेटच्या तारा आणि पुढच्या गावचं तिकीट. अशा माणसाकडून गुणही काढून घेतले, तर सट्टेबाजाची ऑफर त्याला अधिक मोहात पाडणार हे उघड होतं.

खेळाडूंनी सह्यांची मोहीम चालवली, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये गुण परत आले. मधल्या सात महिन्यांत काहींनी रॅकेट ठेवून दिली होती. त्यांच्यासाठी हा निर्णय उशिराच आला.

२०२४ पासून पहिल्या २५० पुरुषांना किमान वार्षिक उत्पन्नाची हमी मिळू लागली. १७६ ते २५० क्रमांकांसाठी ती ७५ हजार डॉलर होती. त्याखालच्यांना ती लागू नाही. १५ हजारांच्या स्पर्धेत मुख्य फेरीचा पहिला सामना जिंकला की त्यांना एक गुण मिळतो.