निवडुंगाचं फळ फक्त वटवाघळांच्या भरवशावर? छे!

"ड्रॅगन फ्रूट रात्री फुलतं, वटवाघूळ आलं नाही तर फळच धरत नाही" हे मराठवाड्यात लागवड करणाऱ्यांच्या तोंडी कायम असतं. ड्रॅगन फ्रूट म्हणजे निवडुंगच, पण ही अर्धवट ऐकीव माहिती!

मेक्सिकोच्या उष्णकटिबंधातल्या तेवाकान खोऱ्यात खांबासारखे उंच निवडुंग परागीभवनासाठी जवळपास वटवाघळांवरच विसंबतात, कारण ती तिथं वर्षभर असतात. कर्कवृत्ताच्या उत्तरेला, सोनोरा वाळवंटात ती स्थलांतर करून येतात. त्यांचा नेम नाही. म्हणून तिथल्या सग्वारो या उंच निवडुंगाचं रात्री उमललेलं फूल दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उघडं राहतं. मग होले, मधमाश्याही काम उरकतात.

आपल्या बांधावरच्या फड्या निवडुंगाचा तर सगळा कारभार दिवसाउजेडी: फुलात काडी फिरवून बघा, पुंकेसर आत वळतात. ड्रॅगन फ्रूटवरही पहाटे मधमाश्या येतात. त्या वेळी कीटकनाशकाची फवारणी नको.