पार्श्वभूमी : ट्रेल कॅमेऱ्यातली उसनवारी

बागेच्या कुंपणाला किंवा बांधावरच्या झाडाला ट्रेल कॅमेरा, म्हणजे समोरून प्राणी गेला की आपोआप फोटो काढणारा डबा, बांधला की पहिल्या आठवड्यात बहुतेकांच्या हाती तेच लागतं. दोनशे फोटो, त्यांतले बहुतेक हलणाऱ्या गवताचे, काही शेजाऱ्याच्या मांजराचे आणि एका फोटोच्या कडेला कुणाची तरी शेपटी. दोष सहसा बांधणाऱ्याचा नसतो. हे यंत्र निसर्गनिरीक्षकांसाठी कुणी मुद्दाम आखलेलंच नाही. त्याचा डबा आणि पट्टा हरणांच्या शिकाऱ्यांकडून आला, प्राण्याची चाहूल घेणारा सेन्सर घरफोडीची वर्दी देणाऱ्या बर्गलर अलार्ममधून आला, आणि फोटो काढणारा भाग स्वस्त डिजिटल कॅमेऱ्यांकडून. तिन्ही घरांच्या खोडी सोबत आल्या.

प्राण्यानेच स्वतःचा फोटो काढावा ही कल्पना मात्र जुनी आहे. १८७८ मध्ये धावत्या घोड्याचे टप्पे टिपायला शर्यतीच्या वाटेवर आडवे दोरे ताणले होते. दोरा ओढला गेला की त्या दोऱ्याच्या कॅमेऱ्याचं शटर पडायचं. १८९० च्या दशकात एका अमेरिकी वकिलाने हीच युक्ती रात्रीच्या जंगलात नेली. गृहस्थ मुळात शिकारी. होडीच्या टोकाला दिवा लावून तळ्याकाठच्या हरणांना जागच्या जागी खिळवायचं आणि गोळी घालायची, ही रीत तो तिथल्या मूळ रहिवाशांकडून शिकला होता. बंदुकीच्या जागी त्याने कॅमेरा ठेवला, आणि पुढे दोर, आमिष आणि मॅग्नेशियमच्या भुकटीचा भडका अशी जोडणी केली. जुलै १९०६ मध्ये त्याचे ७४ फोटो ‘नॅशनल जिओग्राफिक’ या भूगोलविषयक मासिकाने एकाच अंकात छापले. मासिकाचं चित्रांचं पुस्तक होतंय म्हणून दोन संचालकांनी राजीनामे दिले. त्या मासिकाचं पुढे काय झालं हे सगळ्यांना ठाऊक आहे.

१९२० च्या दशकात भारतातल्या एका ब्रिटिश वनाधिकाऱ्याने याच पद्धतीने वाघांचे फोटो मिळवले, पनामातल्या एका बेटावरही असेच प्रयोग झाले. एक भडका झाला की पुन्हा भुकटी भरेपर्यंत कॅमेरा आंधळा. मला या सगळ्यांपेक्षा १९५९ सालचा एक अभ्यास जास्त आवडतो. गवतातल्या उंदरांच्या बोटभर रुंद वाटांवर एका प्राणिशास्त्रज्ञाने स्वयंचलित कॅमेरा लावला आणि चौकटीतच घड्याळ आणि तापमापक मांडले. उंदीर गेला, फोटो निघाला, वेळ आणि तापमान त्यातच उमटलं. आज फोटोखाली जी पट्टी येते ती हीच.

यापुढची गोष्ट शिकाऱ्यांची आहे, आणि निसर्गप्रेमी मंडळी ती सांगायचं टाळतात. १९८० च्या दशकात अमेरिकेत हरणाच्या पायवाटेवर बांधायचं एक साधं घड्याळ मिळायचं. वाटेवर दोरा ताणायचा; हरणाने तो ओढला की घड्याळ थांबायचं. सकाळी जाऊन बघायचं : पावणेपाचला काहीतरी गेलं. काय गेलं, ते कळायचं नाही. मग त्या घड्याळाच्या जागी फिल्मचा कॅमेरा आला. ‘ट्रेल’ हा शब्द इथलाच, जनावरांच्या वाटेचा. अभ्यासकांनी ‘कॅमेरा ट्रॅप’ हे नाव धरलं, आपल्या बातम्यांनी ते उलटवून ‘ट्रॅप कॅमेरा’ केलं आणि त्यात बिबट्या ‘कैद’ होऊ लागला. डब्यात फरक काहीच नाही. फरक कोण विकत घेतोय याचा.

फिल्मच्या काळात एका रोलवर ३६ फोटो. दुपारच्या वाऱ्याने फांदी हलली की रोल अंधार पडायच्या आत संपायचा, आणि हे कळायचं रोल धुऊन आल्यावर. म्हणून २००० नंतर डिजिटल कॅमेरे स्वस्त झाले तेव्हा पहिली झेप कंपन्यांनी घेतली नाही. घरच्या घरी सोल्डरिंग करणाऱ्यांनी घेतली. खिशात मावणारा साधा कॅमेरा उघडायचा, शटरच्या बटणाच्या आणि चालू-बंदच्या कळीच्या तारा बाहेर काढायच्या, एका छोट्या सर्किटला जोडायच्या, सगळं पाणी न शिरणाऱ्या पेटीत बसवायचं आणि भिंगासाठी भोक पाडून काच चिकटवायची. कोणत्या मॉडेलच्या तारा कुठून काढायच्या याची माहिती एकाकडून दुसऱ्याकडे जायची. फोटो उत्तम यायचे, कारण भिंग खरोखरच्या कॅमेऱ्याचं होतं. अडचण एकच : झोपलेला कॅमेरा जागा व्हायला दोन-तीन सेकंद लागत आणि तेवढ्यात हरीण निम्मं चौकटीबाहेर. शेपट्यांचे फोटो ही त्या काळाची खूण.

कंपन्यांनी पुढच्या काही वर्षांत एकसंध यंत्र आणलं. जागं व्हायचा वेळ सेकंदाच्या आत आला, बॅटऱ्या महिनोन्‌महिने पुरू लागल्या. पण भिंगाचा आणि फोटो टिपणाऱ्या सेन्सरचा दर्जा उतरला. खोक्यावर ३० मेगापिक्सेल छापलेलं असतं; आतला सेन्सर पुष्कळदा त्याच्या काही अंशाचाच असतो आणि उरलेले ठिपके सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं. हा आकडा कुणी मनावर घेऊ नये.

त्याच खोक्यावर आणखी एक शब्द असतो, आणि या विषयातला सगळ्यात मोठा घोळ त्याचाच आहे : इन्फ्रारेड. मराठीत अवरक्त म्हटलं तरी सुटका नाही, कारण शब्द एक आणि वस्तू तीन.

पहिली वस्तू १९९० च्या आसपासची, आता जवळजवळ गेलेली. वाटेच्या एका बाजूला किरण सोडणारा डबा, दुसऱ्या बाजूला तो झेलणारा. मधून काही गेलं, किरण तुटला की फोटो. दोराच्या जागी न दिसणारा दोर. याला सक्रिय इन्फ्रारेड म्हणत. किरण हवा तेवढ्या उंचीवर ठेवता यायचा, त्यामुळे हरीणच हवं असेल तर उंदीर-ससे खालून बिनधास्त जायचे. दोन डबे एकमेकांच्या रेषेत आणता आणता मात्र माणूस घामाघूम व्हायचा.

दुसरी वस्तू म्हणजे आजचा पीआयआर, अर्थात पॅसिव्ह (निष्क्रिय) इन्फ्रारेड सेन्सर. यातला निष्क्रिय हा शब्द त्या सक्रियच्या विरोधात आला आहे : हा स्वतः काही सोडत नाही. प्राण्याच्या अंगातून ८ ते १४ मायक्रोमीटर लांबीच्या लहरी बाहेर पडत असतात, त्या हा घेतो. बंद पडलेला एक कॅमेरा मी उघडला तेव्हा दुधी प्लास्टिकच्या घुमटामागे करंगळीच्या नखाएवढी गोल टोपी निघाली. तिच्या काळ्या खिडकीमागे दोन पट्ट्या असतात, एकमेकींच्या विरुद्ध जोडलेल्या. दोन्हींवर सारखी उष्णता पडली की बेरीज शून्य. एकीवर आधी आणि दुसरीवर नंतर पडली तरच ठिणगी. म्हणजे हा सेन्सर उष्णता मोजत नाही आणि हालचालही पाहत नाही. पार्श्वभूमीपेक्षा वेगळ्या तापमानाचं काहीतरी एका पट्टीवरून दुसरीवर सरकलं, एवढंच त्याला कळतं. घरात शिरलेल्या चोरासाठी ते पुरेसं असतं.

बागेत पुरत नाही. कॅमेऱ्यासमोर बसून राहिलेलं मांजर त्याला दिसेनासं होतं. सरळ कॅमेऱ्याकडे चालत येणारा प्राणी उशिरा कळतो, आडवा जाणारा लगेच. भर दुपारी जमीन आणि प्राण्याच्या केसांचा वरचा थर सारखेच तापले की समोरून कोल्हा गेला तरी नोंद नाही. साप, बेडूक, सरडे जवळजवळ कधीच नाहीत, कारण त्यांचं अंग भोवतालाइतकंच गरम असतं. उलट उन्हाने तापलेलं पान वाऱ्याने सावलीवरून हललं की फोटोंची रांग. आणि काच! खिडकीच्या आतून बाग टिपायचा मोह सगळ्यांना होतो. साध्या काचेतून या लांब लहरी जातच नाहीत, त्यामुळे कॅमेरा बाहेर अगदी स्वच्छ बघत असूनही शटर पडत नाही.

तिसरी वस्तू रात्रीचे दिवे. भिंगाभोवतीचे एलईडी ८५० किंवा ९४० नॅनोमीटरचा प्रकाश सोडतात. पीआयआर सेन्सरच्या लहरींपेक्षा हा दहापट आखूड, म्हणजे तांबड्याच्या जरा पलीकडचा साधा प्रकाशच. तो प्राण्यावर पडून परततो आणि फोटो येतो. प्राणी गरम आहे की गार याच्याशी त्याचा संबंध नाही. म्हणून रात्री झाडाची पानं पांढरीफटक दिसतात, पानं हा प्रकाश भरपूर परतवतात. दिवसा तोच प्रकाश रंग बिघडवतो, म्हणून भिंगामागे एक गाळणी असते. तिन्हीसांजेला ती बाजूला सरकते. शांत जागी कान दिला तर टक्‌ असा आवाज येतो, आणि तो फक्त आपल्यालाच येतो असं नाही. तेव्हा ‘इन्फ्रारेड आहे, म्हणजे उष्णता दिसेल’ हे साफ चूक. उष्णतेचं चित्र दाखवणारा थर्मल कॅमेरा वेगळाच प्राणी आहे.

८५० की ९४०, हा वाद मिटत नाही. ८५० चे दिवे अंधारात फिके लाल दिसतात. ९४० चे माणसाला दिसत नाहीत, म्हणून ‘नो ग्लो’ म्हणून चढ्या भावाने विकले जातात. पण फोटो टिपणाऱ्या सिलिकॉनच्या सेन्सरला ९४० बराच कमी दिसतो. प्रकाश कमी, म्हणून शटर जास्त वेळ उघडं, म्हणून पळणारा प्राणी धुरकट. ‘नो ग्लो’ प्राण्यांना तरी दिसत नाही का? २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियात वेगवेगळ्या मॉडेलांची तपासणी झाली. कॅमेऱ्यांचे आवाज आणि त्यांचा प्रकाश अनेक सस्तन प्राण्यांच्या आवाक्यातले असल्याचं त्यात निघालं. बागेसाठी ८५० पुरतो असं माझं मत. ९४० चा खरा उपयोग कॅमेरा माणसांपासून लपवायला. चोरांना तो लाल ठिपका प्राण्यांआधी दिसतो.

पट्टे आणि ठिपके ओळखायचे असतील तर दोन्ही सोडून पांढऱ्या फ्लॅशकडेच जावं लागतं. १९९० च्या दशकात कर्नाटकातल्या नागरहोळेच्या जंगलात वाघ असेच मोजले गेले : समोरासमोर दोन कॅमेरे, दोन्ही कुशींवरचे पट्टे, आणि तोच वाघ पुन्हा किती वेळा आला यावरून एकूण संख्येचा अंदाज. या हिशेबाने कॅमेरा ट्रॅपला विज्ञानात खुर्ची मिळाली.

शिकाऱ्यांकडे मात्र उलटा प्रवास झाला. मोबाइलच्या नेटवर्कवरून फोटो लगेच पाठवणारे कॅमेरे आले आणि पाणवठ्यावर आत्ता कोण आलंय हे घरी बसून कळू लागलं. ॲरिझोना राज्याने १ जानेवारी २०२२ पासून शिकारीसाठी ट्रेल कॅमेरे वापरायला बंदी घातली. ज्यांच्यासाठी डबा बनला त्यांच्याच हातातून तो काढून घेतला, यावर बरीच आदळआपट झाली. कोरड्या मुलखात एकेका पाणवठ्याभोवती कॅमेऱ्यांचं आणि ते बघायला येणाऱ्या माणसांचं रान माजलं असेल, तर तक्रार कुणाची खरी हे सांगायला नको.

राहिले रिकामे फोटो. आफ्रिकेतल्या सेरेंगेटीच्या अभयारण्यात २०१० पासून २२५ कॅमेऱ्यांनी फोटोंचे सुमारे १२ लाख संच जमवले. अठ्ठावीस हजारांहून अधिक स्वयंसेवकांनी ते चाळले, तेव्हा प्राणी असलेले निघाले ३,२२,६५३. बाकी गवत. त्याच साठ्यावर पुढे संगणकाला प्राणी ओळखायला शिकवलं आणि २०१८ नंतर ही सॉफ्टवेअरं घरच्या संगणकावरही चालू लागली. ज्या जागेचे फोटो बघून ती शिकली तिथे उत्तम चालतात, जागा बदलली की अडखळतात. माझ्याकडचं सॉफ्टवेअर बागेतल्या झारीला गेले दोन महिने रोज रात्री पक्षी म्हणतंय.