लाट पुढे जाते, पाणी जागेवरच असतं

खवळलेल्या समुद्राची दृश्यं दाखवताना "हजारो किलोमीटरवरून आलेलं पाणी किनाऱ्यावर आदळतंय" असं सर्रास ऐकू येतं. तेवढ्या लांबून येते ती ऊर्जा, पाणी नव्हे. खोल समुद्रात लाटेच्या माथ्याशी असलेला पाण्याचा कण थोडा पुढे सरकतो, खळग्यात आला की मागे येतो आणि एक गोल फेरी पुरी करून जवळजवळ मूळ जागी परततो. खोल जावं तशा या फेऱ्या लहान होत जातात. लागोपाठच्या दोन माथ्यांमधलं अंतर म्हणजे तरंगलांबी. तिच्या निम्म्याइतक्या खोलीवर पाणी जवळपास स्थिर असतं.

स्टेडियममधल्या मेक्सिकन वेव्हचंही तसंच. प्रेक्षक जागच्या जागी उठतो-बसतो, लाट मात्र मैदानाला फेरी मारते. फार्कास, हेल्बिंग आणि व्हिचेक या संशोधकांनी 2002 साली तिचा वेग सेकंदाला सुमारे 12 मीटर, म्हणजे साधारण 20 खुर्च्या, असा काढला. तिथे प्रत्येक माणूस स्वतःची नवी ऊर्जा घालतो. समुद्राच्या लाटेला मात्र वाऱ्याने एकदा दिलेल्या शिदोरीवरच सगळा प्रवास करावा लागतो.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. लागोपाठचे दोन माथे एका जागेवरून जायला लागणारा वेळ म्हणजे आवर्तकाल. खोल पाण्यात या सेकंदांना 1.56 ने गुणलं की लाटेचा वेग मीटर प्रतिसेकंदात मिळतो. 10 सेकंदांची लाट ताशी 56 किलोमीटरने जाते, तर 20 सेकंदांची ताशी 112 ने. मात्र हा वेग एकेका माथ्याचा झाला. लाटांचा अख्खा समूह, आणि त्याच्याबरोबर ऊर्जा, याच्या निम्म्याच वेगाने पुढे सरकते.

हे कसं शक्य आहे? संथ तळ्यात मुठीएवढा दगड टाका आणि वर्तुळांच्या पट्ट्यातल्या एकाच माथ्यावर नजर ठेवा. तो पट्ट्याच्या आतल्या कडेला उगवतो, इतरांना मागे न टाकता पण पट्ट्याला मागे टाकत बाहेरच्या कडेला पोचतो आणि तिथे विरून जातो. तोवर आत नवा माथा तयार झालेला असतो. म्हणजे किनाऱ्यावर फुटणारा माथा वादळातून निघालेला नसतोच. वादळातून निघालेला कधीच वाटेत संपलेला असतो.

वेग असे वेगवेगळे असल्यामुळे वादळातल्या सरमिसळ लाटा प्रवासात आपोआप निवडल्या जातात. लांब आवर्तकालाच्या आधी पोचतात, आखूड मागाहून. वादळ 5000 किलोमीटरवर असेल, तर 20 आणि 10 सेकंदांच्या लाटांमध्ये जवळजवळ पावणेचार दिवसांचं अंतर पडतं. वीज चमकल्यावर गडगडाटाला लागलेल्या वेळावरून अंतर ओळखावं, तसं या फरकावरून वादळाचं ठिकाण काढता येतं. समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंक आणि सहकाऱ्यांनी 1963 साली दक्षिणेकडच्या वादळांच्या लाटांचा माग पॅसिफिक ओलांडून थेट अलास्कापर्यंत काढला, तो याच तत्त्वावर.

कुठलीही लाट अशी मोजता येते. "सकारात्मक लहरी" सोडणारी कडी आणि यंत्रं विकणाऱ्यांना त्यांच्या लहरींची तरंगलांबी आणि वेग जरूर विचारा. आकडा मिळत नसेल, तर पैसे खिशातच ठेवा.

सर्फर पाण्यात बसून वाट पाहतात ती लाटांच्या समूहाची. त्याला ते "सेट" म्हणतात. जवळपासच्या आवर्तकालांच्या लाटा एकमेकींत मिसळल्या की काही वेळ माथ्यावर माथा पडून लाटा उंचावतात, मग माथ्यावर खळगा येऊन समुद्र शांत होतो. सातवी लाट सगळ्यात मोठी, या समजुतीला आधार नाही. सेटमध्ये किती लाटा येतील, हे दर वेळी बदलतं.

अर्ध्या तरंगलांबीहून उथळ पाण्यात लाटेला तळ जाणवू लागतो. ती मंदावते, मागची ऊर्जा पुढच्या ऊर्जेला गाठते आणि उंची वाढते. तळ हळूहळू चढत असेल तर माथा फेसाळत घरंगळतो. तळ एकदम उठला, जसा 2024 च्या ऑलिंपिक सर्फिंगच्या ताहितीतल्या तेआहुपो इथे प्रवाळखडकामुळे उठतो, तर लाटेचा खालचा भाग अडखळतो आणि माथा पुढे झेपावून पोकळ नळी बनते. त्या क्षणी माथ्यावरच्या पाण्याचा वेग लाटेच्या वेगापेक्षा जास्त होतो. इतका वेळ जागच्या जागी फिरणारं पाणी इथे पहिल्यांदाच लाटेला मागे टाकतं.